कच्चा खर्डा कुठे आहे?

राजुऱ्याच्या आमच्या घरात टाइपरायटर स्वयंपाकघरात राहायचा. बाहेरच्या खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, पण पावसाळ्यात तिथल्या भिंती ओल धरायच्या आणि मशीनच्या अक्षरांच्या दांड्या गंजून एकमेकींना चिकटायच्या. म्हणून बाबांनी तांदळाच्या कणगीवर फळी टाकली आणि त्या काळ्या धुडाला चुलीच्या उबेत नेऊन बसवलं. पावसाळा संपला तरी ते तिथेच राहिलं. आईला तांदूळ काढायचा असला की आधी मशीन उचलून खाली ठेवावं लागायचं. "याच्यापरीस सवत परवडली असती," ती म्हणायची, "तिनं निदान तांदूळ तं निवडले असते." बाबा हसायचे आणि रिबिनीवर पडलेली कोंड्याची धूळ फुंकून काढायचे. सकाळी जेवून निघताना ते मशीन सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधत, संध्याकाळी परत आणून कणगीवर ठेवत. खाणीचा भोंगा झाला, लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी बसली आणि फळीवर मशीन टेकल्याचा धप्प आवाज आला, की आमच्या घरची संध्याकाळ सुरू झाली असं मी समजत असे.

बाबा अर्जनवीस होते. जुई, निहार, तुम्हा दोघा नातवंडांना हा शब्द माहीत असायचं कारण नाही. तहसील कचेरीच्या आवारात टिनाच्या मांडवाखाली ते बसत, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं, किंवा सरकारशी सरकारच्या भाषेत बोलता येत नव्हतं, त्यांचे अर्ज लिहून देत. मराठी अर्ज लिहिणारे तिथे आणखीही होते. खाणीचं मोठं ऑफिस, रेल्वे, नागपूरच्या वरच्या कचेऱ्या यांच्याकडे जाणारा इंग्रजी अर्ज मात्र बाबांकडेच यायचा. सुट्टीत मी त्यांच्याजवळ खोक्यावर बसून असायचे. माणूस समोरच्या बाकड्यावर बसून बोलायचा आणि बाबांची बोटं चालायची.

"बाबू, लिवा, का माही बंडी जंगलवाल्यायनं नेली," एक बाई सांगत होती.

"कवा?"

"पोळ्याच्या आंधीच्या बाजारी."

"बंडीत का होतं?"

"का राह्यते? सरपण होतं. वाळलेलं. वाळलेलं लिवजा बाबू, नाईतं म्हणतीन हिरवं तोडलं."

"लिवलं."

"आन् बैल त्यायनं रानातच सोडून देल्ले! वाघानं नेले असते तं कोन भरून देल्लं असतं?"

ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजे. ती बाई चपापली, मग पदर सावरून हसली. "वाजली बापा घंटी. आता सायबाले ऐकू गेली असन."

तिचं बोलणं संपलं तेव्हा अर्जही संपलेला होता. इंग्रजीत, मुद्देसूद, दोन कार्बन प्रतींसह. ही आमच्या घराची रीत होती. आधी पेनाने कच्चं लिहायचं, खाडाखोड करायची, मग पक्कं करायचं, असलं काही आमच्याकडे नव्हतंच. लोकांना परतीची बस गाठायची असे. कागद एकदाच मशीनला लागायचा. बोलणारा बोलतोय, ऐकणारा ऐकतोय आणि ऐकता ऐकताच त्याचं इंग्रजी होतंय. चूक झाली तर तिच्यावर एक्सची रांग ठोकून पुढे जायचं.

प्रत्येक अर्जाच्या शेवटी बाबा एक वाक्य टाकत. अर्जदार गरीब व अज्ञानी आहे, कळत-नकळत काही चूक झाली असल्यास उदार मनाने क्षमा व्हावी. त्या वाक्याला त्यांना विचार करावा लागत नसे, बोटं आपोआप पळत. त्या दिवशी वाचून दाखवताना ते वाक्य आलं आणि बाई म्हणाली, "माही चूक कुठी झाली, बाबू? बंडी तं माहीच नेली."

"लिवा लागते, बाई," बाबा म्हणाले. "सायबाले बरं वाटते."

मी तेव्हा शाळकरी पोर होते. मलाही ते वाक्य सभ्य वाटलं होतं.

माझं इंग्रजी त्या मांडवाखाली झालं. शाळेत इंग्रजीचे मास्तर धडा पाठ करून घेत, पण वाक्य कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं हे मी बाबांच्या बोटांकडे पाहून शिकले. पुढे बाबांना ताप आला किंवा बाहेरगावी जावं लागलं की मीच मशीनपुढे बसू लागले. लोक आधी नाक मुरडत. "बाबूची पोरगी लिवते का? लहान हाय ना!" मग घंटी वाजे आणि त्यांचा विश्वास बसे. या सवयीचं एक फळ माझ्या पदरात आलं, ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मला समोर ऐकणारं माणूस आणि बोटांखाली कळा असल्याशिवाय विचारच करता येईना. हातात पेन दिलं की माझी वाक्यं मोडत. परीक्षेत मी पाठ करून जायचे आणि ओकून यायचे. स्वतःचं काही मांडायचं असेल तर मात्र मला मशीन लागे. आज तुमच्या पिढीला याचं काही वाटणार नाही.

बी.ए. झाल्यावर मी नागपूरला शिक्षणशास्त्रात एम.ए. करायला गेले. बाबांनी पाठवलं, हे त्यांचं मोठेपण. पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्याआधी हे नोंदवून ठेवते. शेवटच्या वर्षी प्रबंध होता. मी विषय घेतला शाळांमधल्या रेडिओचा. तेव्हा सरकारने खेड्यापाड्यांतल्या काही शाळांना रेडिओ दिले होते, त्यावर मुलांसाठी धडे लागत. नवीन यंत्र आलं म्हणजे शिक्षण सुधारणार, असं वरच्या कागदांत लिहिलेलं असे. मला पाहायचं होतं की खाली काय होतं. राजुऱ्याच्या आसपास फिरले, मग अहेरीकडे गेले. तिकडच्या एका शाळेत मुलांना विचारलं, "रेडिओ ऐकता का रे?"

"नाई," एक पोरगी म्हणाली. "पायला हाय."

"कुठे?"

"अलमारीत. पोत्यात गुंडाळला हाय."

हेडमास्तरांना विचारलं तर ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. "मॅडम, तो सरकारी हाय जी. पोरायनं कान पिरगाळला आन् बिघडला तं माह्या पगारातून कापतीन. तपासनीच्या दिवशी काढतो ना. पुसून ठेवतो."

मी हसले नाही. तेव्हाच राग आला होता, पण तो हेडमास्तरांवर आला होता. तो राग योग्य जागी नेऊन ठेवला माझ्या आईने.

प्रबंध मी उन्हाळ्यात लिहिला. उन्हाळ्यात कचेरी सकाळचीच असे, दुपारी मशीन मोकळं असायचं. मे महिन्यातला राजुरा म्हणजे काय हे तुम्हाला सांगून कळणार नाही. दुपारी दाराची कडी हाताने धरवत नसे. आई स्वयंपाकघरात सांडगे घालायची, अंबाडी निवडायची, मिरच्यांची देठं खुडायची आणि मी कणगीपुढे पाटावर बसून तिला सांगायचे. ती माझी बाकड्यावरची बाई होती, फक्त उलटी: बोलायचे मी, ऐकायची ती. मी मराठीत सांगे आणि बोटं इंग्रजीत चालत.

"मग त्या मास्तरनं का म्हटलं?"

"म्हणाला, बिघडला तर पगार कापतील."

"मंग त्याले कायले बोल लावून राह्यली तू? त्याले भेव दाखवलं कोनं, ते लिव. बायकोले सोन्याचं डोरलं द्याचं आन् म्हनाचं, हरवलं तं घरातून काढीन. ते बिचारी घालन का ठेवून देईन?"

माझ्या प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या एका वाक्यातून निघालं. यंत्र देताना त्याच्याबरोबर विश्वास दिला नाही तर ते कुलपातच राहणार, हे मी पानापानाने मांडलं. उकाड्याने अक्षरांवर घामाचे थेंब पडत. आई ताक द्यायची, चार सांडगे तव्यावर भाजून द्यायची आणि पुन्हा समोर बसायची. "आता सांग. अहेरीकडच्या पोरायचं का झालं?" सगळा प्रबंध असा लिहून झाला. कच्चा खर्डा नव्हता. नसणारच होता.

तोंडी परीक्षा पावसाळ्यात झाली. विभागप्रमुखांचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिण्याचा मान मी त्यांना देत नाही. त्यांनी प्रबंध उघडलासुद्धा नव्हता, नुसता हातात धरून वजन केल्यासारखं केलं. शेजारी बाहेरून आलेले दोघे परीक्षक होते.

"हे इंग्रजी कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं, सर."

"तुमची शाळा कुठली?"

"राजुरा."

ते परीक्षकांकडे पाहून हसले. "राजुरा! बरं. कच्चा खर्डा कुठे आहे?"

"नाही, सर. मी थेट मशीनवर लिहिते."

"थेट मशीनवर. आम्ही सगळे हाताने लिहितो, चार वेळा खोडतो. तुम्ही थेट मशीनवर. वडील काय करतात?"

"अर्जनवीस आहेत."

"म्हणजे दुसऱ्यांच्या नावाने लिहून देणं हाच घरचा धंदा."

दोघे परीक्षक खाली पाहत राहिले. मी म्हटलं की लिहिताना माझी आई समोर होती, प्रत्येक पान तिने ऐकलंय. "त्यांना इंग्रजी येतं?" नाही म्हटल्यावर पुन्हा हसणं झालं. मग त्यांनी कागद पुढे सरकवला, पेन दिलं. रेडिओच्या धड्यांवर इथेच एक पान लिहा म्हणाले. मी म्हटलं, ऑफिसातला टाइपरायटर द्या. "तो ऑफिसच्या कामासाठी आहे," असं उत्तर आलं. मी पेन धरलं. खोलीत कोणी ऐकत नव्हतं, तिघे नुसते पाहत होते. मी हळू आवाजात स्वतःशी बोलू लागले, तर ते म्हणाले, "कोणाशी बोलताय?" मी ओठ मिटले आणि वाक्य तिथेच तुटलं. अर्ध्या पानात इतकी खाडाखोड झाली की मलाच वाचवेना. तो कागद त्यांनी चिमटीत धरून परीक्षकांना दाखवला. पुरावा मिळाला होता. पालकांना घेऊन या, असं सांगून त्यांनी मला बाहेर पाठवलं. एम.ए.च्या मुलीला, पालकांना घेऊन या!

आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझ्या मानेच्या शिरा ताठ होतात. डॉक्टरांनी रागावू नका म्हणून सांगितलंय. मी त्यांना सांगितलं, गोळी द्या, सल्ला नको.

हॉस्टेलवर येऊन मी बाबांना कळवलं, काय झालं ते सगळं, आणि शेवटी लिहिलं: येताना मशीन घेऊन या. माझी योजना साधी होती. सरांच्या दाराशी व्हरांड्यात मशीन मांडायचं, बाबांना समोर बसवायचं आणि सरांनी सांगावं त्या विषयावर त्यांच्या डोळ्यांदेखत टाइप करायचं. हवं तर त्यांनी स्वतः बोलावं, मी त्यांच्या आरोपाचंच इंग्रजी करून देईन. मला खात्री होती. एक ओळ संपली की घंटी वाजली असती आणि विषय मिटला असता.

बाबा आले. अंगात लग्नाकार्याला घालायचा कोट होता आणि हातात डबा. मशीन नव्हतं. डब्यात आईने तळलेली कोहळ्याची गोड बोंडं होती, माझ्यासाठी म्हणून पाठवलेली. ती त्यांनी मला दिली नाहीत. सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले, "लेकराची चूक झाली. आमी गरीब मानसं. मी थोडंफार सांगितलं असन, तिनं लिवलं असन. कळत-नकळत झालं ते पोटात घाला."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. खाणीच्या साहेबांना, रेल्वेच्या साहेबांना इंग्रजीत जाब विचारणारा हा माणूस, आणि तोंडातून बाहेर काय आलं तर अर्जाची शेवटची ओळ. त्यांनी मला एक शब्द सांगितला नव्हता. त्या सुट्टीत ते दुपारभर बाहेरच्या खोलीत ओला पंचा पांघरून झोपलेले असत. त्यांनी न केलेला गुन्हा त्यांनी कबूल केला, आणि त्यांच्या कबुलीने तो माझ्यावर सिद्ध झाला.

"बाबा, खोटं का बोलता?" मी म्हटलं.

"गप राह्य," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

सर खूश झाले. पालक समजूतदार आहेत म्हणाले. मला पास केलं, सगळ्यात खालच्या वर्गात, आणि प्रबंधावर शेरा मारला की हे काम दुसऱ्याच्या साहाय्याने केलेले आहे. तो शेरा घेऊन कुठल्याही कॉलेजात प्राध्यापकी मिळणार नव्हती. मिळाली नाही. बोंडांचा डबा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

परतीच्या बसमध्ये मी बाबांच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. वरोऱ्याला बस थांबली तेव्हा त्यांनी चहा आणून दिला, तो मी खिडकीतून ओतून टाकला. ते म्हणाले, "डिगरी तं भेटली ना, बाई. मी नसतो बोललो तं तेही गेली असती." त्यांचं म्हणणं हिशेबाने चूक नव्हतं. याचाच मला जास्त राग आला.

घरी आई दारातच होती. काय झालं ते मी सांगितलं, उभ्या उभ्या. तिने मला मधे अडवलं नाही. ऐकायची सवय होती तिला. मग ती बाबांकडे वळली.

"तुमी काऊन माफी मागली?"

"तुले नाई समजत. मोठ्या मानसाशी भांडून भागत नाई."

"म्या आईकलं ना सारं! माह्या पुढं लिवलं तिनं. सांडगे वाळेपर्यंत मी बसून होती तिच्या पुढं. तुमी तं घोरत होते! तुमाले का मालूम, तुमी सांगितलं का नाई सांगितलं?"

"अवं, पन..."

"मले इंग्रजी येत नाई, पन कान हायेत."

ती आत गेली. मशीन कणगीवरून उचलताना तिला कधी कोणाची मदत लागत नसे, तेव्हाही लागली नाही. तिने ते बाहेर आणलं आणि पडवीच्या टोकाला, जिथे पागोळ्यांचे शिंतोडे येत, तिथे जमिनीवर ठेवलं. "माह्या स्वयंपाकात खोटं बोलनाऱ्याची चीज नोको," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. त्या दिवशी लाखोळीची डाळ तिखटजाळ झाली होती. आम्ही तिघांनी ती तशीच संपवली.

मशीन पडवीतच राहिलं. बाबा त्यावर गोणपाट टाकत, संध्याकाळी तेलाची चिंधी फिरवत, पण ते आत आणायची त्यांची हिंमत नव्हती. हळूहळू एक एक अक्षर अडकू लागलं. मांडवाखाली लोक म्हणत, "बाबू, तुमची मशीन आजारी हाय का?" आई ते आत घ्या म्हणत नसे. मीही नाही. ओल आपलं काम करत होती.

मग एका रविवारी, पाऊस उघडलेला असताना, बाबा पडवीत आले. मी तिथे बसून तांदूळ पाखडत होते. त्यांनी मशीनवरचं गोणपाट काढलं, कागद, कार्बन, पुन्हा कागद असं नीट लावलं आणि मशीन माझ्यापुढे सरकवलं. स्वतः समोर बसले. बाकड्यावर येऊन बसणारी माणसं बसत तसे, हात मांडीवर, पाठ जरा वाकलेली.

"लिव," ते म्हणाले.

"काय?"

"का मी, अर्जदार, खाली सही करनारा, नागपुरात तुमच्या ऑफिसात येऊन जे बोललो, ते खोटं होतं."

मी सूप खाली ठेवलं.

"लिव, का माह्या पोरीनं लिवलं त्यातला एक शब्द माहा नाई. मी भेलो म्हनून बोललो. मले वाटलं, कबूल केलं तं कमी सजा भेटते. मी साऱ्याइले तसंच लिवून देतो. आता मी माहं बोलनं वापस घेऊन राह्यलो. शेरा काढा, आन् तिले तुमच्या पुढं बसवून मशीनवर लिवायले लावा."

ते बोलत होते आणि माझी बोटं चालत होती. आर अडकत होता, तो दर वेळी नखाने सोडवावा लागे. ते थांबले, आणि मी सवयीने शेवटची ओळ घेतली. अर्जदार गरीब व अज्ञानी... इतकं झालं आणि बाबा म्हणाले, "ते नोको. मार त्याच्यावर एक्स."

मी एक्सची रांग ठोकली. ओळीच्या शेवटाला घंटी वाजली, गंजलेली, बसक्या आवाजाची.

आई आतून दारात आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "वाजली घंटी," ती म्हणाली. "आना आता आतमधे. पाऊस येऊन राह्यला."

तो अर्ज आम्ही रजिस्टरने पाठवला. पोच आली, उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा पोच आली. बाबांनी त्यानंतर कोणाच्याही अर्जाला ते वाक्य लावलं नाही. लोक कुरकुरत, "बाबू, माफी राह्यली नं जी!" तर ते म्हणत, "चूक केली का तू? मंग?" शेरा मात्र निघाला नाही. मी गडचांदूरला शाळेत शिक्षिका झाले, तिथेच निवृत्त झाले. शाळेत पुढे कॉम्प्युटर आले, त्यांना प्लॅस्टिकची झाकणं आली, खोलीला कुलूप आलं, दाराबाहेर चपला काढायचा नियम आला, आणि मुलं खिडकीच्या गजांतून पाहत राहिली. मी ते कुलूप काढायला लावलं, हेडमास्तरांशी भांडून, तेही एकदा नाही. माझ्या रागाचा तेवढा उपयोग झाला.

आता हे सगळं लिहिण्याचं कारण. परवा सकाळी मी लाखोळी निवडत बसले होते आणि जुई, तुझा फोन आला. तू रडत होतीस. परदेशातल्या तुझ्या विद्यापीठाच्या एका कॉम्प्युटर प्रोग्रॅमने तुझा प्रबंध तपासला आणि सांगितलं की हा माणसाने नाही, यंत्राने लिहिलाय. तू मला तुझी लिहायची पद्धत सांगितलीस: तळ्याकाठी चालत चालत फोनशी बोलतेस, फोन त्याची अक्षरं करतो, मग परिच्छेदच्या परिच्छेद तू प्रबंधात आणून ठेवतेस. त्यांनी विचारलं, टप्प्याटप्प्याने लिहिल्याच्या खुणा कुठे आहेत? त्या नाहीत. मला तुझ्या फोनमधून थेट नागपूरच्या त्या खोलीचा वास आला.

तू म्हणालीस, "आजी, ते म्हणतायत कबूल केलं तर प्रकरण सौम्यपणे मिटवतील. मी करून टाकू का? मी तर आधीच थकलेय."

मला त्या प्रोग्रॅमचा राग आला नाही. लोखंडाचा राग धरून काय करायचं? राग आला त्यांचा, जे प्रोग्रॅमने दिलेला टक्क्यांचा आकडा पुढे करून त्याच्याआड बसलेत, आणि ज्यांना तुझं एक पान तुझ्याकडून समोरासमोर ऐकायला वेळ नाही. आमच्या सरांना निदान स्वतःच्या तोंडाने अपमान करावा लागला होता. मी ओरडले, ते तुझ्यावर नाही.

"काय केलंस ते सांग," मी म्हटलं. "कबूल करण्यासारखं काही आहे का?"

"नाही, आजी. संदर्भांची यादी नीट लावायला एआय वापरलं, ते मी आधीच लिहून दिलंय. बाकी सगळं माझं आहे."

"मग कबुली नाही. उत्तर द्यायचं. आत्ता."

"तू लिहून देशील? तुझं इंग्रजी..."

"नाही. एक शब्दही नाही. तू बोल, नेहमी बोलतेस तशी. मी ऐकते."

तू कोट चढवून बाहेर पडलीस. एका फोनवर मी, दुसऱ्याशी तू बोलत होतीस. मला तुझी पावलं ऐकू येत होती, वारा ऐकू येत होता आणि तुझं इंग्रजी, जे माझ्यापेक्षा सैल आहे आणि तुझंच आहे. सुरुवातीला तू एकेक वाक्य दोनदा म्हणत होतीस. मधे मी एकदाच विचारलं, "मग त्यांनी काय म्हटलं?" आणि तू तिथून जी सुटलीस ती थांबली नाहीस. मला समोर बसवा, विषय द्या, मी चालत बोलेन, तुम्ही ऐका, असं तू म्हणालीस. हे मी तुला शिकवलं नव्हतं.

शेवटाला येऊन तू जरा घुटमळलीस. मग ऐकू आलं की तुझ्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल तू दिलगीर आहेस.

"ते काढ," मी म्हटलं.

"आजी, नुसती सभ्यता म्हणून लिहितात."

"माहीत आहे. काढ."

तू हसलीस, त्या दिवशी पहिल्यांदा. ते वाक्य गेलं. मग तू विचारलंस, खाली काय लिहू.

मी डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला. "नाव लिही," मी म्हटलं. "पूर्ण."